पडदा उचलला त्याचं नाव लिव्हा

हेमा, आदी वर लिव की नव्या विहाराच्या पुस्तकासाठी काशीबाई सांगते आनि तिची नात लिवते. मी बोलेन तसंच लिव. तुज्या कॉलेजातली भाषा मदी घुसवू नको.

मंडळाची पोरं आली व्हती गेल्या ऐतवारी. म्हनली, काकी, विहाराचं उद्घाटन हाय, पुस्तक काढतोय, वाडीतल्या एका मानसाबद्दल सांगा. मी म्हनलं कुनाबद्दल? तर म्हनली, जुन्या कोनाबद्दल, ज्यांनी विहीर खोदली, शाळा आनली. आता त्यांच्याबद्दल दरसाल कोन ना कोन बोलतंच. फोटोला हार पडतो, टाळ्या पडतात. मी सपनाबद्दल सांगनार. सहदेवाची बायको, स्वप्ना. ती काय मेलेली नाय, म्हातारी नाय, तिचा फोटो भिंतीवर नाय. पन मला तिच्याबद्दलच सांगायचं हाय.

आनि हे मी तिला इचारून सांगते. परवा तिच्या दारात गेले, ती लाकडं रचीत व्हती. मी म्हनलं, सपने, तुजी गोष्ट पुस्तकात घालू काय? सगळी? ती मोबाईलची भानगड पन? तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. मंग म्हनली, "घाला काकी. आनि नाव बदलू नका. मी काय केलंय म्हनून बदलायचं?" मी निघाले तर मागनं हाक मारली, "फक्त मी जाडी हाय असं नका सांगू."

तर ती जाडी नाय. लिवलंस? बरं.

ती लगीन हून आली २००३ च्या मे मईन्यात. म्हायेर सावर्ड्याकडचं. दहावी पास. आवाज असा मोटा की विहिरीवर बोलली तर वरच्या घरात आयकू यायचं. तिची सासू आदीच वारलेली. घरात सासरा, त्याला आमी सगळे आबा म्हनायचो, आनि नवरा सहदेव मुंबईला, एका बिल्डिंगीवर वॉचमन. गावाची खोली हाय तितं आमची, वाडीतले आठ-दहा बापये, गडी मानसं, एका खोलीत. सहदेव शिमग्याला यायचा आनि मे मदी यायचा. बाकीचं वरीस सपना आनि आबा.

दुसऱ्याच मईन्यात ती माज्या मागं लागली, काकी मला मिरकरवाड्याला न्या. मी तवा तितं बंदरावर कोलंबी सोलायला जायची शेडमदी, पावसात होड्या बंद असल्या तरी बर्फातला माल असायचा. बर्फाच्या पान्यात हात घालून दिवसभर कोलंबी सोलायची, बोटं पांढरी फटक पडतात, नखाच्या कडंला चिरा जातात, मीठ लागलं की जीव जातो. मी म्हनलं, नव्या नवरीचं काम नाय ते. ती म्हनली, नवरी मे मदी व्हते, आता जून हाय.

सकाळच्या येष्टीला आमी सोळा-सतरा बाया. येताना अंगाला वास मारनारच, अत्तराच्या कारखान्यात तर जात नव्हतो. एक कंडक्टर व्हता, आमी चढलो की म्हनायचा, कोलंबीवाल्या मागं बसा. आमी इतकी वर्सं मागं बसत आलो. सपना पयल्याच दिवशी पुढच्या शिटीवर बसली. तो म्हनला, मागं जा. ती म्हनली, "कंडक्टरसायेब, मागच्या शिटीचं तिकीट वेगळं असतं काय? नाय, असंल तर ते फाडा." सगळी येष्टी हसली. दुसऱ्या दिवसापासनं आमी पन पुढं बसाया लागलो. ह्या कंडक्टरला ध्यानात ठेव, तो परत येनार हाय.

आनि माजी सही तिनं शिकवली. मी अंगठेबहाद्दर, पन्नास-पंचावन वर्सं अंगठा दिला. जेवनाच्या सुट्टीत बर्फाच्या पेटीच्या झाकनावर वल्या बोटानं तिनं अक्षरं काढली. म्हनली, "काशी. दोनच अक्षरं काकी, तुमचं नाव सोपं हाय. यशोधरा असतं तर तुमी मेला असता." मी कोलंबीच्या मिशीनं गिरवायची. चंपा, ती पन आमच्याच शेडातली, तोंडानं फाटकी, ती म्हनायची, आता काशी कलेक्टर हुनार. झाली नाय कलेक्टर, पन सही आली. पौर्निमेला विहारात वंदना पन सपनाच सांगायची, माईक नको व्हता तिला. तिनं म्हनायचं, मागनं आमी म्हनायचं.

आता आयका त्या भानगडीचं. हे २००६ सालचं. हेमा, तू तवा बारावीला व्हतीस, तुला कोनी काय सांगितलं नाय, तुला वाटलं म्हातारी उगा चिडलीय. आता आयक.

सहदेव त्या मे मदी आला तो फोटोचा मोबाईल घेवून आला. वाडीत तवा दोघा-तिघांकडंच तसला. लग्नाला तीन वर्सं झाली, तीन वर्सांत दोघं मिळून एकत्र रायली असतील पाच मईने. तो मुंबईला जाताना रडायचा, बापया मानूस. त्यानं बायकोला इचारलं, तिनं हो म्हनलं. नवरा-बायकोचं जे असतं ते त्यांनी त्या मोबाईलात घेतलं, त्याच्यापाशी ऱ्हावं म्हनून. तिनं मला याच्यापरीस जास्त सांगितलं नाय, मी इचारलं नाय, तुमी पन इचारू नका.

त्याच मोबाईलवर त्यानं बुद्ध पौर्निमेची मिरवनूक काढली. लेझीम, पोरी, रथ, सगळं. तो मुंबईला गेल्यावर मंडळाच्या लक्षात आलं की मिरवनुकीचे फोटो त्याच्याकडंच हायत. आमचा सेक्रेटरी बाबू, त्यानं निरोप धाडला, फोटो पाठव, सीडी काढून विहारातल्या टीवीवर लावू. आता आमच्यात काय हाय, मुंबई आनि गाव यांच्यात सगळं हातोहात चालतं. कोन गावाला निघालं की खोलीतली सगळी आपापली गाठोडी त्याच्याकडं देतात, वरती नाव. हितनं कोकम, सुकट, मसाला जातो. तिकडनं औषध येतं, पोरांचे कपडे येतात, चिठ्ठी येते. वाटंत कोनी गाठ सोडत नाय. माज्या जन्मात कोनी कुनाचं गाठोडं सोडलेलं आयकलं नाय. चिठ्ठी चिकटवत पन नाय आमच्यात, नुसती घडी घालतात, तरी कोन वाचत नाय.

सहदेवाला वाटलं, तेच हाय. त्यानं आपलं खाजगी व्हतं ते पुसलं, आनि मोबाईलातलं ते नखायेवडं कार्ड एका काडेपेटीत घालून गाठोड्यातनं धाडलं. वर लिवलं, मंडळासाठी. पुसलेलं पुन्ना काढता येतं हे वॉचमनला कसं ठावं असनार? बाबूनं ती काडेपेटी घेतली आनि रत्नागिरीला स्टँडाच्या बाजूला एका मोबाईलच्या दुकानात नेवून दिली. दुकानवाल्यानं सांगितलं, दोन दिवस ठेवा. बाबू ठेवून आला.

सीडी झाली. विहारात बसून आमी सगळ्यांनी बघितली. म्या स्वताला बघितलं, निळी साडी नेसलेली, तोंड वासून. सपना टाळ्या पिटत व्हती. आनि त्याच वेळी त्याच कार्डातलं दुसरं, ते त्या दुकानातनं एकाच्या मोबाईलात, दुसऱ्याच्या मोबाईलात फिरत व्हतं. वळखीच्या मानसाचं गाठोडं नव्हतं ना ते, मंग सोडायला काय जातं.

आता माज्या घरचं सांगते. हेमा, पेन थांबवू नको. तुजा बाप, माजा प्रमोद, रिक्षा चालवतो रत्नागिरीत, त्याच्याकडं पन तसला मोबाईल आला व्हता. आषाढात एके दुपारी प्रमोद आनि त्याचे तिघं मित्र पडवीत बसलेले, मी आत भाकरी भाजत व्हते. त्यांचा वाद चाललेला. एक म्हनला, कंपनीच्या फिल्मी असतात त्यात मजा नाय, सगळं खोटं, पैसे घेवून रडतात पन आनि हसतात पन. दुसरा म्हनला, हां, घरगुती तेच खरं, इंटरनेटवर आता सगळे घरगुतीच बघतात, कंपनीवाल्यांचं दिवाळं निघनार. तिसरा म्हनला, अरे कंपनीचं तरी बरं, त्या बाया ठरवून येतात, ही आपली घरंदाज म्हनवून घेतात आनि फुकटात असलं करतात. मंग प्रमोद म्हनला, "घरगुतीत पाप नाय रे. नवरा-बायकोच हायत. कुनी कुनाला इकलं नाय, कुनी कुनाला राबवलं नाय. बघितलं तर काय झिजलं?"

मला वाटलं नाटक-सिनेमाचं कायतरी चाललंय. मी त्यांना चा नेवून दिला. माज्या हातानं चा दिला त्यांना, ते मला अजून लागतं.

चार दिवसांनी शेडमदी चंपानं सांगितलं. सपना त्या दिवशी आली नव्हती, आबांना ताप व्हता. चंपा हळू बोलनारी नाय, पन त्या दिवशी हळू बोलली. मला आदी कळलंच नाय. कळलं तवा मी टोपलं आपटलं, कोलंबी सगळीकडं. म्हनलं, कोन बघतं हे? चंपा म्हनली, "कोन नाय बघत ते इचार. माज्या जावयाच्या मोबाईलात सापडलं, म्या तो मोबाईल शेनात घातला."

आनि सपनाला कसं कळलं, तर त्या कंडक्टरनं कळवलं. दुसऱ्या दिवशी येष्टीत चढलो तर तो हसून म्हनला, "या या, आता पुढंच बसा. तुमाला कोन मागं बसवनार." त्याच्या हसन्यानं तिला काय कळलं कोन जाने, पन ती उभीच रायली. मंग तिनं माज्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिला तितंच समजलं. ती वाटंत मदल्याच एका थांब्याला उतरली आनि चालत घरी गेली, पाच मैल, पावसात. मी का उतरले नाय तिच्यासंगं? भ्याले. लिव, काशी भ्याली.

तिनं दार लावून घेतलं. आठ दिवस. आबांचं खानं-पिनं करायची, पन भायेर नाय. मी गेले तर आतनं म्हनली, काकी, जा.

आनि मंडळानं सभा लावली. वाडीची सभा, विहारात, ऐतवारी. इषय एकच, सहदेवाचं घर मंडळात ठेवायचं का नाव कापायचं. नाव कापनं म्हंजे काय ते बाहेरच्या वाचनाऱ्याला सांगते. नाव कापलं की त्या घरच्या लग्नाला कोन जानार नाय, मयताला कोन जानार नाय. आबा तवा अंथरुनावर, आज जातील का उद्या. नाव कापलं असतं तर आबांना खांदा द्यायला वाडीतला एक मानूस आला नसता. आबांनी विहाराचे चिरे डोक्यावरनं वाहिलेले, आनि त्यांना न्यायला चार खांदे मिळाले नसते. सहदेव मुंबईहून रेल्वेनं आला, स्टेशनावरनं सरळ विहारात. दाढी वाढलेली. कोपऱ्यात बसला. सपना दाराशी बसली, डोक्यावर पदर.

अध्यक्ष सदू. माज्याहून चार वर्सांनी मोटा, पन आमी एकत्र गुरं राखली म्हनून मी त्याला अरेतुरे करते. सेक्रेटरी बाबू वही घेवून बसला. आमच्या मंडळाची रीत हाय, हितल्या सभेत जे काय झालं ते वहीत लिवायचं, त्याची नक्कल मुंबईला धाडायची, आनि मुंबईच्या सभेत ती सगळ्यांसमोर मोट्यानं वाचायची. मंगच ठराव पक्का.

बाबू उभा रायला. म्हनला, वाडीची बदनामी झालीय. शहरात मानसं इचारतात, तुमच्या वाडीतली काय ती? "सिनेमावाल्या बायांचं मी समजू शकतो," म्हनला, "तो त्यांचा धंदा, त्या पगारी. ह्या बाईवर कोनाची जबरदस्ती नव्हती. हौसेनं केलं. हौसेचं पाप मोटं." मंग एक तरना पोरगा उटला, शिकलेला, म्हनला, उलट हे कंपनीचं नाय, आपसातलं हाय, नैसर्गिक हाय, जगात सगळीकडं आता तसंच हाय, म्हनून तिला माफ करून सोडून द्या. त्याला वाटलं तो तिची बाजू घेतोय. म्हनला, "म्हंजे बघनाऱ्याला पन ते वाईट वाटत नाय, चांगलं वाटतं."

सपनाचा पदर हालला नाय.

मंग जो तो बोलाय लागला. पगारी बरी का बिनपगारी बरी. धंद्याची बरी का हौसेची बरी. अर्धे हिकडनं, अर्धे तिकडनं, जशी शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची बारी लागलीय. आनि मला असा संताप आला. दोनी बाजूंनी वकिली करत व्हते आनि दोनी बाजूंनी बघितलेलं व्हतं. ह्याच तोंडांनी दर पौर्निमेला पंचशील म्हनतात, आनि म्हनवून घेनारी ती दाराशी बसलेली. तिला एकानं इचारलं नाय की बाय, तू दिलंस काय आमाला बघायला?

मी उटले. बाया सभेत बसतात, बोलत नाय. मी बोलले. म्हनलं, "सदू, तू गवळन व्हायचास."

सदू म्हनला, "ते काय आता काशे."

मी म्हनलं, सांगते. आमच्या वाडीचं नमन व्हतं तवा, सोंगं घेवून रातभर चालायचा तो खेळ. सदू गवळन व्हायचा. साडी, आंबाडा, छाती भरलेली, ठुमकत यायचा, आनि वाडी काय काय बोलायची त्याला. शिट्ट्या, टोमने, तो पन परत द्यायचा. कोनाला राग नाय, कारन तो बघायसाठीच आला व्हता पुढं. पडद्यामागं गेला की तो सदू. एका साली काय झालं, खेळ चालू असताना चार पोरांनी मागचा पडदा उचलला. सदू साडी सोडीत व्हता, उघडा. पोरं फिदीफिदी हसली, एकानं त्याची चोळी पळवून सगळ्यांना दाखवली. सदूच्या बापानं ढोलकी थांबवली. खेळ बंद. सगळी वाडी तितंच बसली, आनि गावकीनं दंड केला. "कुनाला केला सदू? तुला केला काय, उघडा का व्हतास म्हनून?"

सदू चटईचा काठ उपटाया लागला.

"बोल की. तुला दंड झाला?"

"नाय," सदू म्हनला. "पडदा उचलला त्यांना झाला."

"मंग त्यांची नावं वहीत चढली व्हती?"

"चढली व्हती. मुंबईला वाचली पन."

मी म्हनलं, मंग बाबू, लिव. सिनेमावाली पडद्याच्या पुढं, ती जाने आनि तिचा मालक जाने, तिला पन कोन किती राबवतं ते मला ठावं नाय, मी काय तिला वाईट म्हननार नाय. सपना पडद्यामागं व्हती, आपल्या घरात, आपल्या नवऱ्यासंगं. पगारी का बिनपगारी हा सवालच नाय. सवाल हा की पडदा कोनी उचलला. दुकानवाल्यानं पयला उचलला. त्याच्या मागनं ज्यांनी ज्यांनी डोकं घातलं, त्यांची नावं घाल वहीत. साक्षीबिगर तर ठराव व्हत नाय आपल्यात. ज्यांनी बघितलं त्यांनीच सांगायचं ना की तिनं पाप केलं? मंग उभं ऱ्हावा एकेक. नाव सांगा, बापाचं नाव सांगा, कुटं बघितलं सांगा. मुंबईला वाचतील, तुमचे सासरे आयकतील, मेव्हने आयकतील.

बाबू वहीकडं बघत बसला. मी म्हनलं, "तूच सुरू कर बाबू, काडेपेटी तूच नेलीस दुकानात."

बाबू म्हनला, "मी फोटोसाठी नेली. मला काय म्हायत."

"ते लिव. आनि नंतर बघितलंस का तेबी लिव."

त्यानं पेनाला टोपन लावलं. तो मघाचा शिकलेला पोरगा म्हनला, मी नुसतं आयकलंय. त्याच्या बाजूचा म्हनला, मी पन आयकलंयच. सगळ्यांनी आयकलेलं. नैसर्गिक हाय, चांगलं वाटतं, हे सगळं आयकून.

मंग मागनं एक जन उभा रायला. मी वळून बघितलं तर प्रमोद. माजा प्रमोद. म्हनला, "लिव्हा. प्रमोद, बापाचं नाव लिव्हा. रिक्षा स्टँडवर बघितलं. दोनदा. दुसऱ्याला दिलं पन."

हेमा, रडायचं तर मंग रड. आदी लिव.

मला वाटलं जिमिनीनं गिळावं. मघापासनं मी ज्यांना बोलत व्हते त्यांच्यात माजं पोर बसलेलं. मला त्या पडवीतला वाद आठवला, त्यो चा आठवला. मी बाबूला म्हनलं, "थांबलास का? त्यानं सांगितलं ना. लिव." बाबू म्हनला, काकी, तुमच्या पोराचं नाव हाय. मी म्हनलं, म्हनूनच लिव, आनि त्याच्याखाली साक्षीदार म्हनून माजी सही घे. बाबूनं शाईचं पॅड पुढं केलं. मी म्हनलं, पेन दे. दोन अक्षरं काढली, सपनाच्या समोर. त्यातला शी जरा गोल झाला नाय.

सदूनं सभा उटवायला घेतली. म्हनला, मिटलं, कोनाचं नाव कापायचं नाय, घरी जावा. तवा सपना उभी रायली. पदर डोक्यावरनं काढला, कमरेला खोचला. तोच आवाज, विहिरीवरचा. म्हनली, "मिटलं कसं? कोनाचं मिटलं? सोडून दिलं असं लिव्हू नका. लिव्हा की मी तक्रार देनार आनि मंडळ माज्यासंगं येनार. येनार नसाल तर तसं लिव्हा, मुंबईला वाचू दे."

लिवलं. दुसऱ्या दिवशी पोलिस ठान्यात ती, सहदेव, मी, चंपा, सदू, आनि बाबू काडेपेटी कुनाला दिली ते सांगायला. प्रमोद रिक्षा घेवून आला व्हता, ती त्याच्या रिक्षात बसली नाय. येष्टीनं गेलो. पुढच्या शिटीवर.

दुकानवाल्याला धरला. चार दिवसांनी सुटला. दुकान दोन मईने बंद, मंग तेच दुकान दुसऱ्या पाटीनं उघडलं, आज पन हाय, जावन बघा, गिऱ्हाईक हाय. इंटरनेटवरचं काढता येत नाय म्हनतात. एक काढलं की चार ठिकानी निघतं. कोन त्याचं खातं, कोनाला त्याचं काय मिळतं, मला समजत नाय. पन येवडं समजतं की घरगुती म्हनून जे इकतात ते कुनाच्यातरी घरातनं उचललेलं असतं. लोनचं नाय ते. आनि जो म्हनतो हे बिनपैशाचं म्हनून बिनपापाचं, त्यानं आदी त्या बाईच्या येष्टीत बसून बघावं एक दिवस.

आबा श्रावनात गेले. सकाळी नऊ-दहाला. नाव कापलेलं नव्हतं, म्हनून सगळी वाडी आली. आंगनात मानसं मावत नव्हती. बाबूनं बांबू आनले, तिरडी बांधली. खांदा द्यायला पयला तोच पुढं झाला, सेक्रेटरी म्हनून मान त्याचा. सपना दारातनं भायेर आली. रडून डोळे सुजलेले, पन आवाज सरळ. म्हनली, "थांबा बाबूभावजी. तुमी बघितलंत काय, मला म्हायत नाय. तुमी सांगितलं नाय. कोनीच सांगितलं नाय. एकानं सांगितलं." आनि प्रमोदकडं बघून म्हनली, "भावजी, तुमी या. तुमचं मला ठावं तरी हाय. बाकी कोनी हात लावू नका आबांना."

प्रमोदला पुढं येववत नव्हतं. आला. त्याला माफ केलं असं तिनं म्हनलं नाय, अजून म्हनलेलं नाय, मी पन नाय. पुढं सहदेव आनि सपना, मागं प्रमोद आनि चंपा. आमच्या वाडीत बायांनी खांदा दिलेला म्या पयल्यांदा बघितला. बाकीचे बापये मागनं, हात मोकळे, छत्र्या घेवून.

नदीकडं जाताना चढ हाय, चिखल व्हता, चंपाला दम लागला. आमच्यात चढाला खांदा बदलतात. चंपानं मागं वळून बघितलं. वीस-पंचवीस बापये व्हते, पन पुढं येनार कोन, यायचं तर आदी तोंड उघडून बघितलं का नाय ते सांगायला लागनार. कोन आलं नाय. मंग मीच गेले. माजी उंची ती केवडी, चंपाच्या खांद्याला लागते मी. तिरडी माज्या बाजूला कलली, आबांचं डोकं एकीकडं झालं. मी म्हनलं, सपने, तिरकं हुतंय गं.

पुढनं ती न वळता म्हनली, "हू दे काकी. चाला."